रेडिएटरचं झाकण, फडातलं पाचट आणि लायनरला पडलेली भोकं
यंत्रांविषयी वाचकांचे प्रश्न

मार्च लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. हिवाळ्यात बॅटरी, सेल्फ आणि हायड्रॉलिकचे प्रश्न असतात. आता एकच ओरड, गाडी गरम होते. चंद्रपूरकडच्या उघड्या कोळसा खाणीत डंपर-डोझरच्या वर्कशॉपमध्ये माझी सारी नोकरी झाली, शेवटी फोरमन म्हणून निवृत्त झालो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला की इंजिनं थंड ठेवणं हेच आमचं निम्मं काम असायचं. या वेळी पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यात माणूस भाजला आहे.

प्रश्न : आमचं ऊसतोडणी यंत्र आहे. गेल्या महिन्यात फडातच गाडी गरम झाली, वाफ यायला लागली. ऑपरेटरने इंजिन बंद केलं, दहा मिनिटं थांबला आणि हातात पोतं धरून रेडिएटरचं झाकण उघडलं. पाणी उसळून त्याचा उजवा हात आणि मान भाजली. दहा मिनिटं थांबूनही असं का झालं? मागे वाहनं उभी असतात, कारखान्याचा फोन येतो. नक्की किती वेळ थांबायचं ते सांगा.
– ऊसतोडणी यंत्राचे मालक, माळशिरस तालुका

उत्तर : आधी तुमच्या ऑपरेटरला माझा नमस्कार सांगा, आणि हात पूर्ण बरा होईपर्यंत त्याला गाडीवर चढवू नका. दोष त्याला देऊ नका. दहा मिनिटं थांबलं की झालं, असं त्याला कुणीतरी शिकवलेलं आहे आणि तेच चुकीचं आहे.

इंजिन बंद केल्यावरची पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळ्यांत धोक्याची असतात. वॉटर पंप थांबतो, पंखा थांबतो, पण हेड (इंजिनाचं वरचं झाकण) आणि लायनर (पिस्टन ज्या नळीत वर-खाली होतो ती) यांचं लोखंड तापलेलंच असतं. ती सगळी धग आता जागच्या जागी उभ्या राहिलेल्या पाण्यात उतरते. त्यामुळे आतल्या पाण्याचं तापमान काही वेळ खाली येण्याऐवजी वर चढतं. तुमच्या माणसाने नेमकं त्याच वेळी झाकण फिरवलं.

हे झाकण म्हणजे दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह आहे. त्याच्यावर बहुधा ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. साधं पाणी उघड्या भांड्यात १०० अंशांना उकळतं; १ बार जादा दाबाखाली तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. प्रेशर कुकरचं तत्त्व हेच, फक्त कुकरमध्ये तांब्याभर पाणी असतं आणि इथे कित्येक बादल्या. झाकण सैल झालं की दाब एका झटक्यात उतरतो आणि ११०-११५ अंशांना गप्प बसलेलं पाणी सगळीकडून एकदम उकळायला लागतं. एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरहून जास्त जागा मागते. ती वाफ उरलेलं पाणी पुढे रेटत तोंडातून बाहेर फेकते. पोत्याने ते अडत नाही. उलट पोतं उकळतं पाणी पितं आणि हाताला चिकटून बसतं, म्हणजे भाजणं आणखी खोल.

म्हणून किती मिनिटं ते मी सांगत नाही, काय तपासायचं ते सांगतो. इंजिन चालू न करता चावी फक्त ऑन करा आणि काटा बघा. ५० अंशांच्या खाली आलेला हवा. मग हातमोजा घालून रेडिएटरचा वरचा होज पाइप दाबा. टणक लागला तर आत दाब आहे, तिथेच थांबा. मऊ दबला तर झाकणाजवळ हाताची मागची बाजू न्या आणि नंतर टेकवा. ती निवांत टेकवून ठेवता आली पाहिजे. तिन्ही गोष्टी जुळल्या तरच झाकणाला हात. तेव्हाही जाड हातमोजे, तोंडावर पारदर्शक शील्ड, उभं राहायचं बाजूला, आणि झाकणावर वाकायचं नाही. पहिल्या खाचेपर्यंतच फिरवायचं, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्यायचा, मग खाली दाबून पुढचा फेरा. काही यंत्रांच्या झाकणावर दाब सोडायचं बटण असतं, तिथे आधी बटण. मार्चच्या दुपारी फडात या सगळ्याला दोन तासही लागतात. पाळी जाते, हे मला ठाऊक आहे. ती जाऊ द्या.

तुमच्यासाठी त्याहून महत्त्वाचं म्हणजे गाडी इतकी गरम होईपर्यंत वेळ जाताच कामा नये. काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकला की तोडणी थांबवायची, भार काढायचा आणि इंजिन स्लोवर चालू ठेवायचं. पंप आणि पंखा फिरत राहतात, तीन ते पाच मिनिटांत बहुतेक वेळा काटा परततो. टर्बोलाही ते बरं. मात्र पाणी गळताना दिसलं, वाफ आली किंवा कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं रसायन, किंवा ते मिसळलेलं पाणी) कमी झाल्याचा दिवा लागला तर लगेच बंद, कारण फिरवायला पाणीच उरलेलं नसतं. वाफ येताना बाजूचे पॅनेल उघडायचे नाहीत. तापलेल्या इंजिनावर आणि रेडिएटरमध्ये थंड पाण्याची कळशी ओतायची नाही. हेडला तडा जातो आणि मग हंगामच संपतो.

तुमच्या यंत्राचं दुखणं कुठे असेल याचा माझा अंदाज सांगतो. ऊसतोडणी यंत्रात रेडिएटर एकटा नसतो. त्याला लागून इंटरकूलर, हायड्रॉलिक तेलाचा कूलर, एसीचा कंडेन्सर अशा जाळ्या असतात. ऑपरेटर बाहेरच्या जाळीवर हवा मारतो, ती चकचकीत दिसते. आता सकाळी थंड गाडीवर टॉर्च घ्या आणि दोन जाळ्यांच्या मधल्या फटीत वरून प्रकाश टाका. पाचटाचा बारीक भुगा, त्यात उसाची चिकटी आणि तेलाचा पुसट थर मिळून नमद्यासारखी गादी बसलेली दिसेल. बोटाने ओढली तर तुकडे निघतात. तिच्यातून हवा जात नाही. जाळ्या बिजागरीवर उघडणाऱ्या असतील तर रोज उघडून, नसतील तर आठवड्याला बोल्ट काढून ती साफ करा. टर्बो आणि सायलेन्सरभोवतीचं पाचटही त्याच वेळी काढा. उभ्या यंत्रांना आगी तिथूनच लागतात.

भाजलेल्या माणसाचं पुढच्या वेळी काय करायचं, तेही लिहून ठेवा. नळाचं साधं गार पाणी, २० मिनिटं, न थांबता. बर्फ नाही, हळद नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही. अंगठी, कडं, घड्याळ आणि गरम पाण्याने भिजलेला कपडा लगेच काढा. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका. मग स्वच्छ कापड सैल टाकून दवाखाना. तोंड, डोळे, मान किंवा मोठा भाग भाजला असेल तर १०८ ला फोन. फडात पिण्याच्या पाण्याशिवाय वीस-पंचवीस लिटरचा एक कॅन यासाठी वेगळा ठेवा.

आणि एक विनंती. गाडी थंड होईपर्यंत थांबलास तर तुला बोल लावणार नाही, हे ऑपरेटरला तुम्ही स्वतः, चार माणसांसमोर सांगा. माझ्या पाहण्यात झाकणाने भाजलेले बहुतेक जण अडाणी नव्हते. त्यांच्या मागे कुणीतरी घाई करत उभं होतं.

प्रश्न : पोकलेनचा काटा निम्म्याच्याही खाली होता आणि बॉनेटमधून वाफ निघत होती. मीटर खराब समजून मी थोडं काम ओढलं. मिस्त्री म्हणतो मीटर चांगला आहे. हे कसं?
– ऑपरेटर, राजुरा

उत्तर : मिस्त्री बरोबर सांगतोय. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवरच खरं बोलतो. होज फाटून पाणी निघून गेलं की तो उघडा पडतो, भोवती फक्त हवा किंवा पातळ वाफ, आणि काटा खाली येतो. म्हणजे इंजिन जळत असतं आणि मीटर थंड दाखवतं. भारावर चालणाऱ्या गाडीचा काटा एकाएकी खाली पडला तर ती आनंदाची गोष्ट समजू नका. थांबा, इंजिन बंद करा आणि खाली गळती बघा.

यासाठीच लेव्हलचा वेगळा सेन्सर आणि बझर दिलेला असतो. जुन्या यंत्रांवर बझरची वायर कापलेली मला हमखास सापडते. केबिनमध्ये फार वाजतो म्हणून कुणीतरी तोडलेली. तुमची बघून घ्या आणि आजच जोडा. काम ओढलं आहे, तर आता हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील, तपासून घ्या: थंड गाडीत झाकण काढून ठेवून इंजिन चालू करा आणि ती गरम होण्याआधीच वरच्या टाकीत बघा. बुडबुडे अखंड येत राहिले तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतोय. डिपस्टिकवर दुधाळ तेल दिसलं तर गाडी चालूच करू नका.

प्रश्न : माझ्या टिपरचं इंजिन उघडलं तर दोन लायनरना बाहेरून टाचणीने टोचल्यासारखी भोकं. मिस्त्री म्हणाला लायनर हलक्या दर्जाचे. दुकानदार म्हणाला बोअरचं पाणी घातलं म्हणून. मी दर उन्हाळ्यात निम्मं कूलंट, निम्मं बोअरचं पाणी घालतो, हिरवं मिळालं तर हिरवं, नाही तर लाल. खरं कोण?
– टिपर मालक, अंबाजोगाई

उत्तर : दुकानदार निम्मा खरा. लायनरला दोष द्यायचं कारण मला दिसत नाही.

तुमच्या इंजिनात वेट लायनर आहेत, म्हणजे लायनरची बाहेरची बाजू थेट पाण्यात. प्रत्येक स्फोटाला पिस्टन लायनरच्या भिंतीवर आदळतो आणि भिंत थरथरते. डोळ्याला दिसणार नाही इतकी, पण सेकंदाला शेकडो वेळा. भिंत पाण्यापासून मागे सरकते त्या क्षणी तिथला दाब पडतो आणि वाफेचे सूक्ष्म बुडबुडे तयार होतात. भिंत परत येते तसे ते फुटतात. फुटताना बसणारा प्रत्येक फटका लोखंडाचा कण उडवतो. मी असे लायनर हातात घेऊन बघितले आहेत: आतून आरशासारखे गुळगुळीत, बाहेरून पिस्टन ज्या बाजूला आदळतो तिथे उभ्या पट्ट्यात बारीक भोकं, टाचणी आत जाईल एवढी. शेवटी एखादं आरपार जातं आणि पाणी थेट ऑइलमध्ये.

हे थांबवायला हेवी ड्युटी डिझेलच्या कूलंटमध्ये खास रसायनं असतात. ती लायनरवर पातळ थर धरतात. बुडबुडा फुटतो तो त्या थरावर आणि थर परत भरून येतो. नुसत्या पाण्यात हे रसायन नाही. मोटारगाडीच्या स्वस्त कूलंटमध्येही पुरेसं असेलच असं नाही. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये ते वापराने संपत जातं, म्हणून ऑइल बदलताना टेस्ट स्ट्रिप बुडवून रंग बघायचा आणि कमी पडलं तरच, कंपनीच्या पुस्तकात लिहिलं आहे तेवढंच घालायचं. जास्त घातलं तर ते गोठून रेडिएटरच्या नळ्या तुंबवतं.

आता पाणी. तुमच्याकडच्या बोअरचं पाणी किती जड आहे, ते घरातल्या गीझरची कॉइल सांगेल. तोच कॅल्शियमचा पांढरा थर इंजिनात सगळ्यांत तापलेल्या जागी, हेडच्या व्हॉल्व्हभोवती आणि लायनरच्या वरच्या टोकाला बसतो. तिथलं लोखंड तापत राहतं आणि मीटर पाण्याचं तापमान बरोबरच दाखवतं. इंजिनाच्या पुस्तकांत पाण्याचा कठीणपणा साधारण १७० पीपीएमच्या आत हवा असं असतं. बोअरचं पाणी त्याच्या कितीतरी पुढे जातं. त्यातले क्लोराइड गंज वाढवतात ते निराळंच. बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड किंवा डीएम पाणी वापरा, नाही तर तयार मिश्रण केलेलं कूलंट घ्या. टिपरला वर्षभराचं मिळून जे पाणी लागतं, त्याची किंमत एका लायनरच्याही जवळपास जात नाही.

रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, निळं, पिवळं हे कंपनीने घातलेले रंग आहेत, आतल्या रसायनाची खूण नव्हेत. दोन लाल कूलंट एकमेकांशी न जुळणारी असू शकतात. डब्यावरचा दर्जा इंजिनाच्या पुस्तकाशी जुळवा, आणि एकदा ठरलं की शेवटपर्यंत तेच. प्रमाण अर्धं-अर्धं. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग अँटीफ्रीझ, म्हणजे हेच कूलंट, कशाला, असं लोक म्हणतात. पण ५०-५० मिश्रण उघड्यावरही सुमारे १०८ अंशांना उकळतं आणि गंज रोखणारी रसायनं त्यातूनच मिळतात. नुसतं शुद्ध कूलंट ओतणंही चूक, ते पाण्याएवढी उष्णता वाहून नेत नाही.

नवे लायनर बसवण्याआधी सिस्टिम धुवाल तेव्हा सांभाळा. रेडिएटर ॲल्युमिनियमचा असेल तर कॉस्टिक सोडा अजिबात नको. तो ॲल्युमिनियमच खातो आणि वर पेट घेणारा हायड्रोजन वायू सोडतो.

प्रश्न : माझे यजमान जेसीबी चालवतात. उरलेलं कूलंट कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून घरी आणतात. रंग छान असल्याने आमची तीन वर्षांची मुलगी ती बाटली मागते. ते म्हणतात, पाण्यासारखंच असतं. खरं आहे का?
– एक वाचक, शिरूर

उत्तर : ताई, हे वाचून होताच ती बाटली घराबाहेर काढा, बाकीचं नंतर वाचा.

कूलंटमध्ये बहुधा इथिलीन ग्लायकोल असतं. ते चवीला गोड आणि जहाल विषारी आहे. लहान मुलाला फार थोडं पुरतं. सुरुवातीला पोर दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खातं, उलट्या करतं, मग थोडं बरं वाटल्यासारखं होतं, आणि पुढच्या एक-दोन दिवसांत मूत्रपिंड निकामी होतात. मधल्या बऱ्या वाटण्याला फसू नका. घोटभर गेल्याची नुसती शंका आली तरी मोठ्या रुग्णालयात न्या, डबा सोबत न्या आणि ‘कूलंट, इथिलीन ग्लायकोल’ असं स्पष्ट सांगा. त्यावर उतारा आहे, पण तो लवकर मिळाला पाहिजे. घरी उलटी करवू नका.

कुत्री, शेळ्या, वासरंही गोडीने ते चाटतात. गाडीखाली सांडलेलं कूलंट मातीने झाकून सोडू नये, भुसा किंवा माती टाकून टिपून उचलावं. काढलेलं जुनं कूलंट ओढ्यात, गटारात नाही. झाकणबंद, नाव लिहिलेल्या कॅनमध्ये साठवून जळकं ऑइल अधिकृतपणे नेणाऱ्याला विचारावं. आणि यजमानांना सांगा, खाण्यापिण्याच्या बाटलीत यंत्राचं काहीही भरायचं नाही, असं मी निक्षून सांगितलंय.

प्रश्न : काका, मी १९ वर्षांचा आहे, पोकलेनवर हेल्पर. आमचे मिस्त्री सगळ्या गाड्यांचा थर्मोस्टॅट काढून टाकतात. म्हणतात, तो थंड देशासाठी असतो. मला शिकायचं आहे, खरं सांगा.
– हेल्पर, इंदापूर

उत्तर : तू विचारलंस हे फार चांगलं केलंस. मिस्त्रींशी वाद घालू नकोस, पण हे समजून घे.

थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचा, उष्णतेने आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह. तो ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडायला लागतो. तोवर पाणी रेडिएटरकडे न जाता बायपासमधून इंजिनातच फिरतं. पुष्कळ डिझेल इंजिनांत तोच थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यावर बायपासचं तोंड बंद करतो. तो काढून टाकलास तर बायपास कायमचा उघडा. पाणी सोपी वाट धरतं, रेडिएटरला कमी मिळतं, आणि भर उन्हात भारावर गाडी आधीपेक्षा जास्त गरम होते. हलक्या कामावर उलट होतं, इंजिन कधी पुरतं तापतच नाही. अर्धवट जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, ऑइलमध्ये गाळ होतो, लायनर आणि रिंगा झिजतात.

तपासायचं असेल तर गाडी थंड असताना थर्मोस्टॅट काढ, दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात असा लटकव की बुडाला टेकणार नाही, शेजारी थर्मामीटर धर आणि पाणी तापव. त्याच्यावर ठोकलेल्या आकड्याजवळ तो उघडायला लागला पाहिजे आणि पाणी निवाल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. अडकला तर नवीन टाक, सोबत नवं सील. नंतर कूलंट हळूहळू भर, वरचा एअर स्क्रू असेल तर तो सैल करून, नाही तर आत हवा अडकते आणि नवा थर्मोस्टॅट बदनाम होतो.

प्रश्न : आमच्याकडे जांभ्याची लाल माती. सर्व्हिसिंगच्या प्रेशर गनने जेसीबीचा रेडिएटर धुतला, तर गरम व्हायचं उलट वाढलं. मेकॅनिक म्हणतो इंजिन चालू ठेवून धुवा, पंखा घाण फेकतो. करावं का?
– जेसीबी मालक, खेड, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : चालू इंजिनावर अजिबात नाही. फिरत्या पंख्याची पाती डोळ्याला दिसत नाहीत आणि ओल्या जागी पाय घसरतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात प्रत्येकाच्या गळ्यात दुपट्टा असतो. वर्कशॉपच्या दारात मी खिळ्यांची पट्टी ठोकून घेतली होती. आत येताना दुपट्टा तिथे लटकवायचा, साहेब असो की हेल्पर. बेल्टने आणि पंख्याने कापड पकडलं की माणसाला हात काढायलाही वेळ मिळत नाही. नव्या काही यंत्रांत पंखा हायड्रॉलिक किंवा इलेक्ट्रिक असतो, आपोआप उलटाही फिरतो. म्हणून इंजिन बंद, चावी काढून धुणाऱ्याच्या खिशात, बॅटरीचा कट-ऑफ असेल तर तो बंद आणि स्टिअरिंगला ‘काम चालू’ अशी पाटी.

गरम व्हायचं वाढलं, कारण गनच्या जोराने फिन, म्हणजे जाळीच्या पातळ पट्ट्या, वाकल्या आणि चिखल मध्ये खोल रुतला. जाळीसमोर टॉर्च धरून मागून बघा, उजेड किती जागी अडतो ते कळेल. आधी कोरडी धूळ हवेने काढा, दाब २ बारच्या आत ठेवून, डोळ्यांवर चष्मा लावून. हवा आणि पाणी दोन्ही पंख्याच्या वाऱ्याच्या उलट दिशेने मारायचं, म्हणजे आलेली घाण आल्या वाटेने जाते. मग साधा पाइप, नळाएवढा दाब, धार जाळीला सरळ, तिरकी नाही. तेलकट असेल तर सौम्य साबणाचं पाणी अर्धा तास मुरू द्या. हे सगळं इंजिन निवल्यावर. वाकलेल्या फिन फिन-कंगव्याने सरळ होतात; कंगवा नसेल तर बोथट पट्टीने, नळीला न टोचता. जाळीला तेल कुठून लागतं तेही शोधा. हायड्रॉलिकचा एखादा जॉइंट पाझरत असेल, तर धूळ दर आठवड्याला पुन्हा चिकटेल. बेल्ट सैल नाही ना, पंख्याभोवतीचा पत्र्याचा घेर शाबूत आहे ना, हेही त्याच वेळी बघा. तो घेर फुटला असेल, तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढायची सोडून बाजूचीच हवा घुमवत बसतो, आणि जाळी कितीही धुतली तरी फरक पडत नाही.